दहा वर्षांत फक्त तीन काता शिकलेल्या मास्तरांनी कराटेला काळा बेल्ट दिला

संध्याकाळी कुठल्याही शाळेच्या मैदानावर चक्कर मारा. पांढरे कपडे घातलेली पोरं रांगेत उभी असतात, सर जपानी आकडे मोजत असतात आणि कडेला कट्ट्यावर बसलेल्या आईबाबांचा एकच प्रश्न असतो, पुढचा बेल्ट कधी?

पहिले दोन-तीन बेल्ट गाडी जोरात पळते. मग कुठेतरी ती अडकते. तोच ठोसा, तीच किक, सर तेच तेच करून घेतात. घाम तेवढाच येतो, पण अंगात नवीन काही येतंय असं वाटत नाही. बरीच पोरं इथेच क्लास सोडतात. हौसेनं भरती झालेली मोठी माणसं तर त्याच्याही आधी.

गंमत अशी की ज्या माणसानं हे पांढरे कपडे आणि काळा बेल्ट कराटेत आणला, त्याच्या स्वतःच्या शिकण्यात बेल्ट नावाचा प्रकारच नव्हता. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, स्पर्धा नाही. वर्षानुवर्षं तो रात्री एका अंगणात जायचा, जवळजवळ तेच ते करायचा आणि पहाटे घरी परत यायचा.

त्याचं नाव गिचिन फुनाकोशी. आधुनिक कराटेचा जनक म्हणून त्याचा फोटो आजही हजारो क्लासच्या भिंतींवर लागलेला असतो.

दुबळं पोर

10 नोव्हेंबर 1868. ओकिनावा बेटावरच्या शुरी गावात गिचिनचा जन्म झाला. ओकिनावा आज जपानचा भाग आहे, पण तेव्हा तिथे र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होतं आणि शुरी ही त्याची राजधानी. घराणं दरबारी, पण खालच्या पायरीवरचं. त्यात वडिलांच्या दारूपायी घरातला पैसा संपत चाललेला.

गिचिन दिवस भरायच्या आधीच जन्मला. पोर इतकं अशक्त होतं की ते फार जगेल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. त्याला आजोळी ठेवलं गेलं, औषधपाणी कायम चालू असायचं. आजोबांनी त्याला चिनी अभिजात ग्रंथ शिकवले. म्हणजे पुढे ज्याच्या नावानं जग ठोसे मारायला शिकलं, ते पोर लहानपणी पुस्तकातला किडा होतं.

शाळेत त्याच्या वर्गात आझातो घराण्यातला एक मुलगा होता. दोघांची दोस्ती जमली. त्या दोस्ताचे वडील आझातो आन्को म्हणजे ओकिनावातले नावाजलेले कराटेतज्ज्ञ. तलवार, घोडेस्वारी, तिरंदाजी सगळ्यात तरबेज. गिचिन आधी त्यांच्या घरी खेळायला जायचा, मग शिकायला जाऊ लागला.

तेव्हा कराटे उघड शिकवायची पद्धत नव्हती. क्लासची पाटी नाही, फी नाही, गणवेश नाही. वस्ताद एखाद-दोन शिष्य निवडायचे आणि घरामागच्या अंगणात, अंधार पडल्यावर शिकवायचे. शिष्यानं बाहेर चकार शब्द काढायचा नाही.

डॉक्टर व्हायचं राहिलं

मधल्या काळात गिचिनच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. टोकियोच्या वैद्यकीय शाळेच्या परीक्षेला बसायचं तर जन्म 1870 किंवा त्यानंतरचा हवा होता, म्हणून त्यानं कागदोपत्री जन्मसाल बदलून घेतलं. त्याच्या जन्मसालाचा घोळ काही ठिकाणी आजही दिसतो, त्याचं कारण हे.

परीक्षा पास झाला, पण गाडी शेंडीवर अडली. शेंडी म्हणजे डोक्यावर बांधलेला जुन्या पद्धतीचा अंबाडा. नव्या जपानी सरकारला ती मागासपणाची खूण वाटायची. ओकिनावातल्या जुन्या घराण्यांना मात्र ती इज्जतीची गोष्ट होती. शेंडी असलेल्यांना त्या शाळेत प्रवेश नव्हता आणि घरचे ती कापू देत नव्हते. डॉक्टरकी तिथेच संपली.

पुढे 1888 मध्ये गिचिननं प्राथमिक शाळेत सहायक शिक्षकाची नोकरी धरली. तिथेही शेंडी चालत नव्हती, म्हणून शेवटी ती कापावीच लागली. तो तसा घरी आला तेव्हा वडील हबकले आणि आईनं तोंड फिरवलं. ती मागच्या दारानं निघाली ती थेट माहेरी गेली.

दिवसा शाळा आणि रात्री अंगण, असं त्याचं आयुष्य इथून पुढे सुरू झालं.

कंदील घेऊन निघणारा मास्तर

आझातोंच्या घरी जायची वाट अंधाराची होती. चांदणं नसेल तेव्हा गिचिन हातात छोटा कंदील घेऊन निघायचा. परत यायला पहाट व्हायची. आता एक तरुण मास्तर रोज रात्री गुपचूप बाहेर पडतो आणि उजाडताना घरी येतो म्हटल्यावर शेजारी गप्प बसतात होय? हा नक्की कुठल्या तरी कोठीवर जात असणार, अशी कुजबुज आळीत सुरू झाली. गिचिनला खुलासा करता येत नव्हता, कारण कराटेबद्दल बोलायचं नाही हा नियम. तो बोलणी खात राहिला.

आणि एवढं करून अंगणात काय व्हायचं? तर एक काता.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं केलेल्या हालचाली. समोर शत्रू आहे असं धरून वार, अडवणूक, पाऊल, वळण. गिचिनच्या वाट्याला आला होता तो नाइहांची. त्यालाच पुढे त्यानं तेक्की हे नाव दिलं. हा काता बघायला अगदीच साधा. घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा घ्यायचा आणि एका सरळ रेषेत फक्त डावीकडे-उजवीकडे सरकायचं. पुढं जाणं नाही, मागं येणं नाही, उड्या नाहीत. मिनिटभरात संपतो. रीलवर टाकला तर पाचव्या सेकंदाला लोक पुढं सरकतील.

पण मांड्या वाकवून त्या पवित्र्यात दहा मिनिटं थांबून बघा. मग कळतं की सगळी मारामारी आपल्याच पायांशी आहे. कंबर हलू द्यायची नाही, खांदे वर चढू द्यायचे नाहीत आणि तरी हात वीज पडल्यासारखा सुटला पाहिजे.

आझातो व्हरांड्यात ताठ बसलेले असायचे. शेजारी मिणमिणता दिवा. गिचिन अंगणात काता करायचा आणि मग गुडघे टेकून त्यांच्या तोंडाकडे बघायचा. मनासारखं झालं नसेल तर पुन्हा करायचा हुकूम व्हायचा. पुन्हा. आणखी पुन्हा. दमून दमून एक वेळ अशी यायची की समोरचा दिवासुद्धा त्याला नीट दिसायचा नाही. आणि जमलंच, तर बक्षीस म्हणून फक्त बरंय अशा अर्थाचा एक शब्द.

त्या एका शब्दासाठी कधी आठवडे जायचे, कधी महिने. तो मिळेपर्यंत पुढचा काता नाही. तेक्कीचे तीन भाग आहेत. हे तीन नीट आत्मसात करायला फुनाकोशीला दहा वर्षं लागली, हे त्यानंच पुढे लिहून ठेवलंय.

तो वैतागला नाही असं नाही. तेच ते करताना चीड यायची, अपमान वाटायचा, हे त्यानं म्हातारपणी लपवलं नाही. मग तो टिकला कशावर?

एक म्हणजे तब्येत. दोन-तीन वर्षं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आता आजारी पडत नाही. ज्या पोराला औषधांवर वाढवलं होतं, ते रात्र रात्र जागून सकाळी शाळेत उभं राहून शिकवत होतं. काता तिथंच होता, पण तो करणारं शरीर बदललं होतं. आपण पुढं जातोय का हे मोजायला त्याच्याकडे बेल्ट नव्हता, त्यामुळे त्यानं नकळत दुसरंच काहीतरी मोजलं. ही गोष्ट आज मैदानावर कुणी सांगत नाही, ती सांगायला हवी.

दुसरं म्हणजे पहाटेच्या गप्पा. सराव संपला की कडक आझातो बदलायचे. कराटेचा अर्थ सांगायचे, शाळेत काय चाललंय हे बापाच्या मायेनं विचारायचे. बऱ्याचदा तिथे त्यांचे मित्र इतोसु आन्को पण असायचे. हेही मोठे वस्ताद. अंगानं पिंपासारखे भरलेले, सहज मार झेलतील असे. आझातोंचं म्हणणं उलटं, हातपाय म्हणजे तलवारी आहेत असं धरून वागावं, अंगाला लागू देऊच नये. गिचिन दोघांकडून शिकला आणि दोघांनीही त्याला इतर वस्तादांकडे आनंदानं पाठवलं. आमच्याच तालमीत राहा असला हट्ट कुणी केला नाही.

कौतुक मिळालं ते न लढल्याबद्दल

एक किस्सा तर भारी आहे. एका रात्री फुनाकोशी घरी चालला होता. पितरांना दाखवण्यासाठी घेतलेले केक त्याच्या हातात होते. वाटेत दोघं आडवे आले, पैसे मागू लागले. पैसे नव्हते. दमदाटी सुरू झाली. मनात आणलं असतं तर त्यानं दोघांनाही लोळवलं असतं. त्यानं काय केलं? केक त्यांच्या हातात दिले आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं हे वस्तादांना सांगितलं. जे एका शब्दाच्या वर कौतुक करत नव्हते, त्यांनी या वेळी मनापासून पाठ थोपटली. तुला शिकवण्यात घालवलेला वेळ सार्थकी लागला, असा इतोसुंचा सूर होता. आझातोंनी हसत विचारलं की आता पितरांपुढं काय ठेवणार? मनापासून प्रार्थना करेन, असं त्याचं उत्तर.

म्हणजे वर्षानुवर्षं जे घोटून घेतलं जात होतं, त्याची परीक्षा अशी अचानक रस्त्यात झाली होती.

शांत वाटणारा हा मास्तर तसा येडाही होता बरं का. ओकिनावात तुफानं येतात, घरांची छपरं उडतात. अशाच एका तुफानात सगळं गाव दारं लावून बसलेलं असताना हा लंगोट नेसून छपरावर चढला. हातात चटई, ती ढालीसारखी धरायची आणि त्याच घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात वाऱ्यासमोर उभं राहायचं. वाऱ्यानं त्याला खाली चिखलात फेकलं, हा परत चढला. सर्वांगाला चिखल. अंगणात जे महिनोन्‌महिने एकसारखं वाटत होतं, ते खरंच पायात उतरलंय का, हे बघायची त्याला एवढी घाई होती.

किंमत कुणी मोजली?

हे सगळं ऐकायला भारी वाटतं, पण घर कसं चालायचं? शाळेचा पगार तुटपुंजा आणि खाणारी तोंडं बरीच. बढती घ्यायची तर शुरी सोडून लांबच्या भागात किंवा बाहेरच्या बेटांवर जावं लागणार होतं. तिथे आझातो नव्हते, इतोसु नव्हते. फुनाकोशीनं बढती नाकारली.

ती उणीव भरून काढली त्याच्या बायकोनं. ती हातमागावर कापड विणायची, गावाबाहेरच्या तुकड्यावर भाजी पिकवायची, पोरं सांभाळायची. नवरा रोज रात्री गायब. यातनं वेळ काढून ती स्वतःही कराटे करायची, इतकं की आसपास दारुड्यांची भांडणं लागली की ती मध्ये पडून सोडवायची. चिकाटीच्या गोष्टींमध्ये नाव नेहमी एकाचंच येतं. या गोष्टीत ती चिकाटी दोघांची होती आणि फोटो एकाचा लागला, हे खरंय.

1900 नंतर चित्र बदलू लागलं. इतोसुंच्या प्रयत्नांनी कराटे ओकिनावाच्या शाळांमध्ये आलं. मुलांसाठी त्यांनी अवघड कातांमधून पाच सोपे काता बांधले. आज क्लासमध्ये पहिल्यांदा शिकवतात ते हेयान काता, ते हेच. अंधारातली विद्या आता उजेडात, रांगेत, आकडे मोजत सुरू झाली. आझातो 1906 मध्ये गेले, इतोसु 1915 मध्ये.

मार्च 1921 मध्ये युवराज हिरोहितो युरोपला जाताना ओकिनावात थांबले. त्यांच्यासाठी शुरीच्या राजवाड्यात कराटेचं प्रात्यक्षिक झालं, ते फुनाकोशींच्या नेतृत्वाखाली. तीस वर्षांहून जास्त नोकरी झालेली. पन्नाशी उलटलेली. इथे गोष्ट संपली असती तरी कुणी नावं ठेवली नसती.

53 व्या वर्षी झाडू हातात

1922 मध्ये जपानच्या शिक्षण खात्यानं टोकियोत शारीरिक शिक्षणाचं मोठं प्रदर्शन भरवलं. ओकिनावाकडून फुनाकोशी गेले. काम झालं की परत यायचं, असा बेत. पण ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकानमध्ये बोलावून प्रात्यक्षिक करायला लावलं. मग कोसुगी होआन नावाचे नामवंत चित्रकार आले, म्हणाले, आम्हाला शिकवा. परत जायचा दिवस पुढं ढकलत ढकलत फुनाकोशी तिथेच राहिले.

बायकोला बोलावून घेतलं, पण ती आली नाही. पितरांचं करायला घरात कुणीतरी हवं, हे तिचं म्हणणं. ती ओकिनावात राहिली, हे टोकियोत.

राहायचं कुठे? मेइसेई जुकु नावाचं ओकिनावाच्या विद्यार्थ्यांचं वसतिगृह होतं. दाराजवळची एक छोटी खोली त्यांना मिळाली. विद्यार्थ्यांचे तास नसतील तेव्हा तिथला हॉल कराटेसाठी वापरायचा. शिष्य अगदी मोजके, त्यातून पोट भरणं अवघड. मग फुनाकोशी वसतिगृहाचा केर काढायचे, बाग सांभाळायचे, राखण करायचे. स्वयंपाक्याला कराटे शिकवायचं आणि बदल्यात जेवणाच्या बिलात सवलत घ्यायची, असाही सौदा त्यांनी जमवला होता.

एकदा ते अंगण झाडत होते तेव्हा एक पत्रकार आला. हा म्हातारा शिपाई असणार असं समजून त्यानं विचारलं, फुनाकोशी कुठे भेटतील? फुनाकोशी आत सटकले, ठेवणीतला किमोनो चढवला आणि बाहेर येऊन स्वतःची ओळख करून दिली. त्या बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणतात.

पैशांची तंगी इतकी की एकदा गहाण टाकायला घरात जुनी हॅट आणि ओकिनावाचा हातमागाचा एक किमोनो, एवढंच उरलं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ते लांबच्या गहाणवटीच्या दुकानात गेले. दुकानातला कारकून आत जाऊन काहीतरी कुजबुजला आणि बाहेर येऊन त्यानं वस्तूंच्या लायकीपेक्षा कितीतरी जास्त पैसे हातावर ठेवले. नंतर कळलं, त्या कारकुनाचा धाकटा भाऊ फुनाकोशींचा शिष्य होता.

ही काही दोन-चार महिन्यांची तंगी नव्हती. अंगणातल्या काळात निदान व्हरांड्यात वस्ताद बसलेले असायचे. इथे बरंय म्हणणारंसुद्धा कुणी नव्हतं. त्यांनी जुनीच सवय धरून ठेवली. वेळ झाली की हॉलमध्ये उभं राहायचं, शिष्य दोन असोत की दहा.

1922 मध्येच त्यांचं कराटेवरचं पहिलं पुस्तक आलं होतं. 1 सप्टेंबर 1923 ला टोकियोत महाभयंकर भूकंप झाला. शहर जळालं, पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट झाले, काही शिष्य पुन्हा दिसलेच नाहीत. पोटासाठी फुनाकोशींनी एका बँकेत स्टेन्सिल कापायचं काम धरलं. वसतिगृहाची दुरुस्ती निघाली तेव्हा नाकायामा हाकुदो या तलवारबाजीच्या वस्तादांनी आपला आखाडा मोकळ्या वेळेत वापरायला दिला. पुस्तक नव्यानं तयार होऊन 1925 मध्ये पुन्हा बाजारात आलं.

बेल्ट आला

याच पडझडीत, एप्रिल 1924 मध्ये, फुनाकोशींनी काही शिष्यांना पहिल्यांदा काळा बेल्ट दिला. कल्पना त्यांची नव्हती. ज्युदोमध्ये कानोंनी ती आधीच आणली होती, पांढरा पोशाखही तिथलाच. पण टोकियोच्या शहरी पोरांना कराटे शिकवायचं तर काहीतरी पायऱ्या लागणार, हे या जुन्या मास्तरानं ओळखलं. दहा वर्षं तीन काता हा हिशेब केयो विद्यापीठात चालणार नव्हता. तिथल्या विद्यार्थ्यांना काही वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडायचं होतं.

तरी कातापासून ते हलले नाहीत आणि तिथेच खटका उडाला. विद्यार्थ्यांना कंटाळा यायला लागला. तेच ते किती दिवस करायचं? त्यांना समोरासमोर लढायचं होतं. टोकियो विद्यापीठाच्या पोरांनी अंगावर संरक्षक साहित्य चढवून सामने सुरू केले. फुनाकोशी भडकले आणि त्या क्लबपासून बाजूला झाले.

इथे बरोबर कोण? सांगणं अवघड आहे. आपल्याला जे अंगणात मिळालं तेच पोरांना हॉलमध्ये मिळेल, असं मास्तरांना वाटत होतं. पण गिचिनला अंगणात फक्त काता मिळाला नव्हता. पहाटेच्या गप्पा होत्या, दोन वस्तादांचं अख्खं लक्ष एकट्यावर होतं. पन्नास पोरांच्या रांगेत ते कुठून आणणार? पोरं आळशी नव्हती. त्यांच्यासाठी व्हरांड्यात दिवा लावून कुणी बसलेलं नव्हतं.

त्यांचाच मुलगा गिगो यानं वडिलांच्या कराटेत लांब पवित्रे, उंच लाथा आणि सामन्यांचा सराव आणला. आज शोटोकान कराटे म्हणून जे दिसतं, त्यावर बापाइतकाच या पोराचाही हात आहे.

शोटोकान हे नाव पण ऐका. फुनाकोशी कविता करायचे, तेव्हा टोपणनाव घ्यायचे शोटो. अर्थ, पाईनच्या झाडांत वाऱ्यानं उठणाऱ्या लाटा. तरुणपणी शुरीजवळच्या डोंगरावर एकटं फिरताना ऐकलेला तो आवाज. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात देशभरातल्या शिष्यांनी वर्गणी काढून टोकियोत त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत बांधली आणि तिला नाव दिलं शोटोकान, शोटोचं घर. सत्तरीच्या घरातल्या मास्तरांना पहिल्यांदा स्वतःचं छप्पर मिळालं.

याच काळात त्यांनी कराटेचा अर्थही बदलला. कारा या उच्चाराची दोन चिन्हं आहेत, एकाचा अर्थ चीन, दुसऱ्याचा रिकामा. चिनी हात जाऊन रिकामा हात आला. ओकिनावातले जुने लोक यावर नाराज झाले, पण तेच नाव टिकलं.

पुन्हा शून्यावर

1945. टोकियोवर बॉम्ब पडत होते. शोटोकान जमीनदोस्त झालं. गिगोला लहानपणापासून क्षयरोग होता, त्याच वर्षी तोही गेला. ओकिनावावर महायुद्धातली एक अत्यंत भीषण लढाई झाली. शुरीचा राजवाडा, जुनी गल्ली, सगळं संपलं.

फुनाकोशींच्या पत्नी तिथून हलवल्या गेलेल्या लोकांबरोबर क्यूशूतल्या ओइता भागात पोहोचल्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेले फुनाकोशी तिकडे गेले. वीस वर्षांहून जास्त काळ वेगळे राहिलेले दोघं आता एकत्र. तेही कुठे, तर परक्या गावात, भाजी लावून आणि समुद्रावरचं शेवाळ गोळा करून. त्यांना दम्याचा त्रास होता. 1947 मध्ये त्या गेल्या.

अस्थी घेऊन फुनाकोशी टोकियोच्या गाडीत बसले. आणि वाटेतल्या स्टेशनांवर माणसं उभी होती. युद्धातून वाचलेले, जुने झालेले कपडे घातलेले शिष्य. ज्यांना कधीतरी रांगेत उभं करून तेच ते करायला लावलं होतं, ते मास्तरांना भेटायला आले होते.

टोकियोत पोहोचल्यावर त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. वय 79. 1949 मध्ये जपान कराटे असोसिएशन उभी राहिली, तिचे मानद प्रमुख प्रशिक्षक तेच. हळूहळू अमेरिकी सैनिकही शिकायला येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर कराटे जपानबाहेर पडलं.

26 एप्रिल 1957 ला, 88 व्या वर्षी गिचिन फुनाकोशी गेले. अंत्यसंस्कार कुणी करायचे यावरून शिष्यांत फूट पडली. त्यांचा ज्याला आयुष्यभर विरोध होता, ती असोसिएशनची पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी, ते गेल्यावर काही महिन्यांत भरली. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे पहिल्यांदा खेळलं गेलं तेव्हा पुरुषांच्या काता प्रकारात सुवर्ण जिंकणारा र्‍यो कियुना ओकिनावाचा होता.

तेक्की शोदान, म्हणजे गिचिननं अंगणात घोटलेल्या तीनपैकी पहिला काता, आजही शोटोकानच्या अभ्यासक्रमात आहे. बहुतेक क्लासमध्ये तो तपकिरी बेल्टच्या आसपास येतो. विद्यार्थ्यांना तो बोअर वाटतो, कारण त्यात फक्त डावीकडे-उजवीकडे सरकायचं असतं. काही महिन्यांत परीक्षा होते आणि मग पुढचा काता सुरू होतो.